आरएचसीएसए (रेड हॅट लिनक्सच्या प्रशासकांची परीक्षा) देणाऱ्यांसाठी माहितीपत्रक: मशीन रीबूट केल्याशिवाय काम झालं असं समजू नका

आमच्या लॅबमध्ये येणारे फोन बहुतेक दोनच प्रकारचे असतात. “सर, सगळं करून ठेवलं होतं, तरी सराव परीक्षेत गुण नाहीत.” आणि “मशीन वरच येत नाहीये, इमर्जन्सी मोडमध्ये (बिघाडामुळे नेहमीसारखं सुरू न होता दुरुस्तीपुरतं चालू) जातंय.” दोन्हींचं मूळ एकच आहे, रीबूट करून न तपासणं, म्हणून हे पत्रक. नोंदणी झालेल्यांनी पहिल्या लॅबआधी वाचावं. अजून चौकशीच करत असाल तरी वाचा, उपयोग होईल.

परीक्षा कशी असते हे तुम्हाला साधारण माहीत आहे. ईएक्स२०० (आरएचसीएसए परीक्षेचा कोड) मध्ये पर्याय निवडायचे नसतात. समोर मशीन असतं, कामांची यादी असते, इंटरनेट नसतं. मदतीला मॅन पेजेस (कमांडची माहिती देणारी पानं) आणि मशीनवरची कागदपत्रं. ३०० पैकी २१० गुण मिळाले की उत्तीर्ण. रेड हॅटच्या अभ्यासक्रमात एक वाक्य आहे: केलेलं प्रत्येक कॉन्फिगरेशन रीबूटनंतर, कुणी हात न लावता, टिकलं पाहिजे. हे वाक्य सगळे वाचतात आणि पुढे जातात. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

“आत्ता चालतंय” आणि “उद्याही चालेल”

सर्व्हरवरची बहुतेक कामं दोन ठिकाणी करावी लागतात: एक चालू मशीनमध्ये, दुसरं डिस्कवरच्या फाइलमध्ये. ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ने सेवा आत्ता सुरू होते, ‘एनेबल’ केलं नाही तर रीबूटनंतर ती बंदच. फायरवॉलचा नियम ‘परमनंट’ न देता घातला तर रीबूटला जातो. उलट ‘परमनंट’ दिलं पण ‘रीलोड’ केलं नाही, तर आत्ता लागूच होत नाही आणि मुलं अर्धा तास दुसरीकडे चूक शोधत बसतात. ‘सेटएनफोर्स’चंही तेच: एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) या कमांडने आत्ता सक्तीचं केलंत, तरी तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘परमिसिव्ह’ (फक्त नोंद, अडवणूक नाही) तसंच राहिलं असेल तर काम अर्धवट. आयपी पत्ता ‘आयपी’ कमांडने दिलात तर तो टिकत नाही, ‘एनएमसीएलआय’मधून कनेक्शनमध्येच घाला. रेड हॅट लिनक्सच्या नवव्या आवृत्तीवर परीक्षा देणाऱ्यांनी कंटेनरकडेही (प्रोग्राम इतरांपासून वेगळा ठेवून चालवण्याची सोय) लक्ष द्यावं. साध्या यूजरच्या नावावर कंटेनरची सेवा बनवली पण त्या यूजरला ‘लिंगर’ (लॉगिनशिवायही त्याच्या सेवा चालू ठेवण्याची सोय) एनेबल केलं नाही, तर तो यूजर लॉगिन करेपर्यंत कंटेनर उठत नाही.

रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड बदलण्याच्या कामात तर असं अर्धवट सोडल्यामुळे दारच बंद होतं. बूट मध्येच थांबवून पासवर्ड बदलला, पण सर्वांत वरच्या (रूट) डिरेक्टरीत ‘डॉट ऑटोरिलेबल’ फाइल (पुढच्या बूटला सगळी लेबलं पुन्हा लावायला सांगणारी) बनवायची राहिली, तर शॅडो फाइलचं (पासवर्ड साठवणारी फाइल) एसईलिनक्स लेबल चुकीचं राहतं. मग अचूक पासवर्ड टाकूनही लॉगिन होत नाही. आणि हे रीलेबल चाललं की ‘सीएचकॉन’ने लावलेली लेबलं भरवशाची राहत नाहीत, म्हणून आम्ही पहिल्यापासून ‘सेमॅनेज’चाच (लेबलचा नियम कायमचा नोंदवणारी कमांड) आग्रह धरतो.

एफएसटॅब

बाकी चुकांमध्ये एखाद्या प्रश्नाचे गुण जातात. एफएसटॅबमधली (बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) चूक पूर्ण मशीन अडवते आणि त्या मशीनवर केलेली सगळी बरोबर कामंही तिच्याबरोबर जातात. त्यामुळे यावर आम्ही बॅचमध्ये इतर कुठल्याही विषयापेक्षा जास्त वेळ देतो.

नेहमीच्या चुका अशा: यूयूआयडीचं (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) एखादं अक्षर सुटतं. फाइलसिस्टिमचा प्रकार एक्सएफएस असताना ईएक्सटी४ लिहिलं जातं. किंवा नोंद केल्यानंतर पार्टिशन पुन्हा फॉरमॅट होतं; यूयूआयडी बदलतो, फाइलमध्ये जुनाच राहतो. हाताने माउंट करून पाहिलं आणि चाललं, यावर विसंबू नका, त्यात फाइलमधली नोंद तपासलीच जात नाही. आधी अनमाउंट करा, मग ‘माउंट -ए’ (फाइलमधल्या नोंदींप्रमाणे माउंट करणारी कमांड) चालवा. स्वॅप असेल तर ‘स्वॅपऑन -ए’ वेगळं, कारण ‘माउंट -ए’ स्वॅपकडे बघत नाही. शेवटी ‘फाइंडमाउंट’ला ‘व्हेरिफाय’ देऊन चालवा आणि मगच रीबूट करा.

तरीही मशीन इमर्जन्सी मोडमध्ये गेलं तर घाबरून स्नॅपशॉटवर (मशीनची आधी जतन केलेली अवस्था) परतू नका, परीक्षेत स्नॅपशॉट नसतो. रूटचा पासवर्ड द्या, गरज पडल्यास रूट फाइलसिस्टिम लिहिता येईल अशी रीमाउंट करा, संशयित ओळीपुढे हॅश टाका, रीबूट करा. सरावात किमान दोन-तीनदा ही चूक मुद्दाम करून बघा.

स्टोरेजची कामं झाली की लगेच एक रीबूट, आणि शेवटी हातात वीसेक मिनिटं असताना दुसरा. शेवटच्या पाच मिनिटांसाठी रीबूट ठेवणं सर्वांत धोक्याचं, बिघडलं तर दुरुस्तीला वेळच नसतो.

नोकरी करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

कंपनीत सर्व्हर सांभाळणारे लोक हीच चूक हमखास करतात, आणि याचं कारण समजण्यासारखं आहे. प्रॉडक्शनचं मशीन महिनोन्महिने बंद होत नाही, त्यामुळे रीबूट करून बघायची सवयच लागत नाही. एआयएक्स किंवा सोलॅरिसवर (युनिक्सचे इतर प्रकार) काम केलेल्यांना व्हॉल्यूम ग्रुप, रन होणाऱ्या सेवा या कल्पना नव्या नसतात. सोलॅरिसवर ‘व्हीएफएसटॅब’, एआयएक्सवर ‘फाइलसिस्टिम्स’, इथे ‘एफएसटॅब’. फक्त फाइल आणि कमांड बदलतात. अशांना आम्ही पायाभूत भाग सोडून थेट सरावाच्या बॅचला घेतो, फीही त्या मानाने कमी पडते.

आमच्या पद्धतीबद्दल

सराव परीक्षेत वेळ संपताच आम्ही सगळी मशीन रीबूट करतो आणि मगच गुण देतो. “रीबूटच्या आधी बघा ना, चालत होतं” ही विनंती दर बॅचला होते आणि आम्ही ती दर वेळी नाकारतो. खऱ्या परीक्षेतही रीबूटनंतर टिकलेल्या कामालाच किंमत आहे. इथे गुण गेले तर फी लागत नाही, तिथे गेले तर परीक्षेला पुन्हा बसावं लागू शकतं.

“मागचे प्रश्न मिळतील का?” नाही. परीक्षेतला मजकूर बाहेर न सांगण्याचं प्रत्येक उमेदवार मान्य करून बसतो, आणि ही अट मोडणाऱ्याचं प्रमाणपत्र धोक्यात येतं. आमची सगळी कामं जाहीर अभ्यासक्रमावरून आम्हीच तयार करतो. परीक्षेची नोंदणी मात्र रेड हॅटकडेच करावी लागते. कोणत्या आवृत्तीवर बसायचं ते नोंदणीआधी ठरवा, कारण आवृत्तीप्रमाणे विषय बदलतात. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं.

घरच्या सरावासाठी रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन मोफत आहे. रॉकी किंवा अल्मा लिनक्सही (रेड हॅटसारख्याच मोफत आवृत्त्या) चालेल. सेंटओएस ७ वापरू नका, त्याचा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर दोन व्हर्च्युअल मशीन आरामात चालतात. त्याहून कमी असेल तर नवा लॅपटॉप घेण्याआधी आमच्याशी बोला: संध्याकाळी आणि रविवारी लॅब तासाप्रमाणे मिळते, बॅचमध्ये नसलात तरी.

बंद पडलेलं मशीन घेऊन येणार असाल तर ते पुन्हा इन्स्टॉल करू नका. आहे तसंच आणा, स्क्रीनवर शेवटी काय दिसलं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि शेवटी कोणती फाइल बदलली ते लिहून आणा.