वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल: गोव्यात लहान युनिट टाकायचं तर कागद कोणते आणि कुठल्या क्रमाने

फोंड्याच्या एका कँटीनवाल्याने मागच्या पावसात मला मागच्या पडवीत नेऊन पंधरा-पंधरा लिटरचे सहा डबे दाखवले. भजी, बटाटेवडे आणि शुक्रवारच्या मासळी फ्रायचं काळं झालेलं तेल. "ह्याचं डिझेल होतं म्हणे. मशीन कुठे मिळतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. बहुतेकांचा हाच असतो आणि चूक इथेच होते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आधी २०० लिटरचा रिॲक्टर, म्हणजे तेलाचं बायोडिझेल करणारी टाकी आणली, मग जागेचे कागद शोधायला निघाले. रिॲक्टर अजून ताडपत्रीखाली आहे. ह्या कामाला मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल लागतं, आणि उरलेलं मिथेनॉल परत मिळवणारा भाग विकणाऱ्याने दिलाच नव्हता. जागाही निघाली भाटातली, म्हणजे बागायतीच्या ऑर्चर्ड झोनची.

मशीन सगळ्यात शेवटी घ्यायचं. तुम्ही नक्की कोण होणार आहात, ते आधी ठरवा. तेल देणारे, तेल गोळा करणारे की इंधन बनवणारे? तिघांचे कागद वेगळे आणि दारंही वेगळी.

फक्त तेल द्यायचं असेल तर

हॉटेल, कँटीन, शॅक किंवा फरसाणवाल्याला हा भाग पुरेसा आहे. तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे मीटरवर टीपीसी म्हणून दिसणारा आकडा, २५ टक्क्यांच्या वर गेला की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. ही मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, 'रुको' ही योजना सुरू केली. वापरलेलं तेल पुन्हा गाड्यावरच्या कढईत न जाता इंधनाकडे वळावं, हा तिचा हेतू.

दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्याने वही ठेवायलाच हवी: तेल कुठलं, किती घेतलं, दिवसअखेर किती टाकलं, कधी आणि कोणाला दिलं. तेल द्यायचं ते नोंद असलेल्या संकलकालाच. अशा संकलकांची आणि बायोडिझेल उत्पादकांची यादी एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर मिळते. गोव्यात ही तपासणी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे येते. तुमचा वापर ५० लिटरच्या आत असला तरी वही ठेवा, असं मी सांगेन. तपासणीला माणूस आला की 'तेल कुठे जातं?' हा प्रश्न येतोच.

डब्यात पाणी जाऊ देऊ नका. पागोळ्यांखाली ठेवलेल्या डब्याला संकलक निम्मा भाव देतो, आणि ते बरोबरच आहे.

गोळा करायचं असेल तर

भांडवल कमी आणि धावपळ जास्त, पण गोव्याच्या आकाराला मला हाच धंदा जास्त शोभतो असं वाटतं. हिशेब करून बघा. २०० लिटरची एक बॅच रोज आणि महिन्याला २५ दिवस काम धरलं, तर ५,००० लिटर तेल लागतं. साधारण हॉटेल आठवड्याला एक डबा देतं असं धरलं, तर महिन्याला ६० लिटर. म्हणजे ऐंशीहून जास्त दारांवर टेम्पो फिरवायचा, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक बंद. ज्याच्याकडे ही ऐंशी दारं नाहीत, त्याने रिॲक्टरचं नावही काढू नये.

संकलक म्हणून एफएसएसएआयकडे नाव लावायचं तर मुख्य कागद एकच: बायोडिझेल उत्पादकाशी केलेला करार. गोळा केलेलं तेल नक्की इंधनालाच जाणार, याचा तो पुरावा. सोबत पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, तेल साठवायच्या जागेचा मालकी किंवा भाड्याचा कागद आणि गाडीचे कागद तयार ठेवा. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दीड हजार मागणारे एजंट आहेत, त्यांच्या दारात जाऊ नका.

गॅरेजमधलं इंजिन ऑइल चुकूनही ह्या डब्यांत घेऊ नका. ते घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मोडतं आणि त्याचा कारभारच वेगळा. एका डब्याने अख्खी टाकी नासते.

बनवायचं असेल तर: आधी जागा

इथे गोव्याची खरी परीक्षा सुरू होते. गावातल्या घराच्या पडवीत किंवा भाटाच्या कोपऱ्यात हे काम कायदेशीरपणे उभं राहत नाही. पहिल्याच दिवशी तीन कागद काढा: फॉर्म एक-चौदा, सर्व्हे प्लॅन आणि नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला. पहिल्या दोनांतून जमीन कोणाची आणि केवढी ते कळतं, तिसऱ्यातून तिथे काय करता येतं ते कळतं. जमीन बिगरशेती करायची तर १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून सनद लागते. कुळाची शेतजमीन असेल तर १९९१ चा जमीन वापर कायदा आडवा येतो, तिथे वेळ घालवू नका. किनारा, खाडी किंवा खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) जवळ असेल तर किनारी विभाग प्राधिकरणाचा प्रश्नही उभा राहतो.

सोपी वाट औद्योगिक वसाहतीतली: कुंडई, बेतोडा, होंडा, तुये, पिसुर्ले, वेर्णे. झोनिंगची डोकेदुखी तिथे बरीचशी मिटलेली असते. पण दुसऱ्याच्या शेडमध्ये पोटभाड्याने शिरणार असाल, तर औद्योगिक विकास महामंडळाची पोटभाड्याला आणि बदललेल्या उद्योगाला लेखी मंजुरी आहे ना, ते बघूनच टोकन द्या. मालकाच्या 'आपण बघून घेऊ' या शब्दावर प्रदूषण मंडळाचा अर्ज भरता येत नाही. वसाहतीबाहेर असाल तर पंचायतीचा ना हरकत दाखला आणि धंद्याचा परवाना लागतो, आणि ग्रामसभेत प्रश्न येतील हे धरून चाला. लोकांना वासाची आणि आगीची भीती वाटते. ती खोटीही नाही.

प्रदूषण मंडळ

साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून दोन संमती घ्याव्या लागतात. बांधकामाआधी उभारणीची, उत्पादन सुरू करण्याआधी चालवण्याची. आधार १९७४ चा जलप्रदूषण कायदा आणि १९८१ चा वायुप्रदूषण कायदा. अर्ज ऑनलाइन. जागेचे कागद, शेडचा नकाशा, यंत्रांची यादी, गुंतवणुकीचा सीएचा दाखला (फी त्यावर ठरते), पाण्याचा स्रोत आणि प्रक्रियेचा आराखडा जोडावा लागतो. विहीर किंवा बोअरचं पाणी वापरणार असाल, तर २००२ च्या भूजल कायद्याखालची नोंद आधी करून घ्या.

अर्ज अडकतो तो बहुतेक प्रक्रियेच्या आराखड्यावर. नेटवरून उचललेली आकृती चिकटवू नका, स्वतःच्या आकड्यांचा हिशेब लिहा. १०० लिटर तेलाला सुमारे २० लिटर मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश लागतो. ५५ ते ६० अंशांवर ढवळलं की वर बायोडिझेल येतं आणि खाली काळपट ग्लिसरीन बसतं. ते शुद्ध नसतं, त्यात साबण आणि उरलेलं मिथेनॉल असतं. मग बायोडिझेल पाण्याने धुतलं, तर साबणाचं दुधाळ पाणी निघतं. हे पाणी आणि हे ग्लिसरीन कुठे जाणार, हाच मंडळाचा प्रश्न. 'सोकपिटात' (शोषखड्ड्यात) असं उत्तर लिहिलंत तर फाईल परत येईल. धुण्याऐवजी रेझिन किंवा मॅग्नेशियम सिलिकेटने कोरडी सफाई करता येते. खर्च थोडा वाढतो, पण सांडपाण्याचा प्रश्न जवळपास सुटतो. लहान युनिटला मी हेच सुचवतो. ग्लिसरीन घेणाऱ्याचं पत्र अर्जालाच जोडा.

मिथेनॉल: इथे घाई नको

बायोडिझेल तसं गरीब. आयएस १५६०७ या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते तो आकडा, किमान १०१ अंश लागतो. पेट्रोलियम नियमांतला शेवटचा 'क' वर्ग ६५ ते ९३ अंशांचा आहे, म्हणजे चांगलं शुद्ध बायोडिझेल त्याच्याही पलीकडचं. पण मिथेनॉलचा ज्वलनांक ११-१२ अंश. आपल्याकडच्या कुठल्याही दुपारी उघडं पिंप ठिणगीची वाट बघत बसलेलं असतं. त्याची ज्वाळा उन्हात दिसत नाही, आणि नेहमीचा फोम त्यावर टिकत नाही, अल्कोहोलवर चालणारा फोमच लागतो. म्हणून सांतिनेजच्या अग्निशमन संचालनालयाचा ना हरकत दाखला मागताना नकाशात पिंपाची जागा, अंतर, अर्थिंग आणि ज्वालारोधक स्विच दाखवा. साठा किती ठेवणार ते लिहा. २०० लिटरचं एक पिंप हजार लिटर तेलाला पुरतं, तेव्हा चार पिंपं रचून ठेवण्याचं कारण नाही. १९१९ चा विष अधिनियम राज्याला असे पदार्थ बाळगण्यावर आणि विकण्यावर नियम करायचा अधिकार देतो. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या आणि परवान्याबद्दलचं उत्तर लेखीच घ्या. विक्रेता तोच कागद मागेल.

एक गोष्ट आपल्या गोव्यासाठी मुद्दाम लिहितो. उरलेलं मिथेनॉल उकळून परत मिळवतात, हे ऐकल्यावर काजूची भट्टी असलेला माणूस पटकन म्हणतो, "आमचं भांडं आहे की!" नाही. फेणी-हुर्राकाचं भांडं, नळी, मडकं, काहीही ह्या कामाला लावायचं नाही. मिथेनॉलचा थोडासा अंशही डोळे घालवतो, जीवही घेतो. शिवाय भट्टीचा परवाना अबकारी खात्याचा असतो, तोही हातचा जाईल. परतमिळवणीची बंदिस्त यंत्रणा रिॲक्टरसोबतच विकत घ्या, आणि कोटेशनमध्ये ती वेगळ्या ओळीत लिहून मागा.

बनवलं, आता विकायचं कोणाला?

खरी अडचण इथे आहे, आणि यंत्र विकणारा ती कधी सांगत नाही. बायोडिझेल डब्यात भरून टेम्पोवाल्याला विकता येत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ३० एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचना वाहतुकीसाठीच्या विक्रीला लागू आहेत. त्यांचा रोख असा की बी-१००, म्हणजे शुद्ध बायोडिझेल, हे डिझेलमध्ये मिसळण्यासाठी विकायचं, डिझेलला पर्याय म्हणून नव्हे. विक्रेत्याची राज्य सरकारकडे नोंदणी हवी. फिरत्या पंपाला परवानगी नाही. मोडलं तर १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा लागतो. राज्यातली चौकशी नागरी पुरवठा खात्यात करा.

तेल कंपन्यांना विकायचं तर त्यांच्या निविदांकडे लक्ष ठेवावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये भाव जाहीर केला होता. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे, म्हणजे मागणी कागदावर तरी आहे. पण कंपनी घेणार आयएस १५६०७ च्या अहवालावरच: आम्लांक ०.५० च्या आत, मिथेनॉल ०.२० टक्क्याच्या आत, पाणी किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत, एस्टर (म्हणजे प्रत्यक्ष बायोडिझेल) किमान ९६.५ टक्के. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून चाचणी करून घ्या आणि प्रत्येक बॅचची एक सीलबंद बाटली ठेवा. आपल्या पावसाळी हवेत पाण्याचा आकडा आधी बिघडतो, कारण बायोडिझेल ओल ओढून घेतं.

स्वतःच्या जनरेटरपुरतं बनवलं तर विक्रीचा भाग सुटतो. जागा, सांडपाणी आणि मिथेनॉल यांचा सुटत नाही. नव्या गाडीत मात्र शुद्ध बायोडिझेल घालू नका. डिझेलचं मानक ७ टक्क्यांपर्यंतच मिश्रण धरतं, त्यापुढे वॉरंटीवर पाणी.

अर्जाआधी घरच्या घरी

कँटीनवाल्याच्या तेलात आम्ल किती, याची चाचणी आम्ही त्याच्याच टेबलावर केली. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा. एका काचेच्या ग्लासात दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि त्यात एक मिली तेल. रंग बदलून दाखवणारं फिनॉल्फ्थेलिन नव्हतं म्हणून चिमूटभर हळद. मग इंजेक्शनच्या सिरिंजने सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. पिवळा रंग तांबूस होऊन टिकला की थांबायचं. जितके मिली लागले, तितके ग्रॅम सोडा लिटरमागे जास्त घालावा लागणार, कोऱ्या तेलालाही लागणारे मूळचे साडेतीन ग्रॅम सोडून. तीन मिलीच्या आत असलं तर तेल चांगलं. सहाच्या वर गेलं तर इंधनापेक्षा साबणच जास्त होईल.

त्याचं निघालं साडेसात. मासळीच्या तेलाचा डबा वेगळा काढून पुन्हा केलं, तर चार.

सध्या तो फक्त तेल देणारा आहे. मासळीचं तेल वेगळ्या डब्यात जातं, वहीत लाल पेनने तारीख पडते. तेल गोळा करणाऱ्याशी त्याचा करार झालाय. बेतोड्याला शेड बघायचा विचार आहे, पण रिॲक्टरची चौकशी अजून केलेली नाही.