व्यवसायासाठी एसईओ ब्लॉगलेखन

व्यवसायासाठी एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) ब्लॉगलेखन : ग्राहक गुगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांत जे विचारतो त्याचे उत्तर व्यवसायाच्या संकेतस्थळावर लेखरूपाने देणे आणि तो लेख शोधनिकालांत वर येईल अशी त्याची मांडणी करणे. शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळे फिरून वाचणारा प्रोग्रॅम, पान वाचतो, मजकूर इंडेक्समध्ये (शोधयंत्राच्या सूचीत) नोंदला जातो आणि कोणी शोध घेतला की नोंदलेल्या पानांचा क्रम लागतो. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गुगलने या क्रमवारीत इतर संकेतस्थळांकडून येणाऱ्या लिंकांना मोठे वजन दिले. साहजिकच लिंक विकत घेणे आणि एकच शब्द पानभर पेरणे यांचा सुळसुळाट झाला. गुगलच्या क्रमवारीतील २०११ च्या ‘पांडा’ बदलाने निकृष्ट मजकुराला आणि २०१२ च्या ‘पेंग्विन’ने बनावट लिंकांना चाप लावला. मेटा कीवर्ड्स, म्हणजे पानाच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी, तर गुगल क्रमवारीसाठी पाहतच नाही, हे २००९ मध्येच जाहीर झाले आहे. तरी तो रकाना भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात.

शोधशब्द आणि हेतू : लेखाची सुरुवात विषयापासून नव्हे, ग्राहकाच्या प्रश्नापासून करावी. लाकडी घाण्याचे तेल विकणाऱ्याचे उदाहरण घेऊ. ‘लाकडी घाणा तेल किंमत’ शोधणारा खरेदीच्या तयारीत असतो. त्याला लेख नको, दरपत्रक असलेले उत्पादनाचे पान हवे. ‘घाण्याचे तेल आणि रिफाइंड तेल फरक’ शोधणारा अजून ठरवतो आहे, ब्लॉग त्याच्यासाठी. हेतू ओळखायची खात्रीची रीत म्हणजे तो शब्द स्वतः शोधून पहिले दहा निकाल पाहणे. तिथे सगळी दुकानेच दिसत असतील तर लेख लिहून उपयोग नाही.

कोणता शब्द किती शोधला जातो हे सांगणाऱ्या साधनांमध्ये मराठी शोधशब्दांचे आकडे तुटपुंजे मिळतात. त्यामुळे शोधचौकटीत आपोआप येणाऱ्या सूचना, निकालांमधले संबंधित प्रश्न आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न हाच खरा साठा. गिऱ्हाईक ‘घाणा तेल’, ‘घाणी तेल’, ‘कोल्ड प्रेस तेल’ असे काहीही टाइप करते, पुष्कळदा रोमन लिपीत. हे पर्यायी शब्द लेखात ओघाने यावेत. प्रत्येकासाठी वेगळा लेख काढला तर आपलेच लेख एकमेकांची जागा खातात.

मांडणी : मुख्य शब्द शीर्षकाच्या सुरुवातीला असावा. निकालात शीर्षकाला मर्यादित रुंदी मिळते. साधारण पन्नास-साठ अक्षरांनंतर ते कापले जाते. मेटा वर्णनाने, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसण्यासाठी लिहिलेल्या दोन ओळींनी, क्रम वाढत नाही, पण ते वाचूनच माणूस क्लिक करायचे की नाही ते ठरवतो.

उत्तर पहिल्या परिच्छेदातच द्यावे. ‘एक लिटर शेंगदाणा तेलाला किती शेंगदाणे लागतात?’ या लेखात ‘आजच्या धावपळीच्या जीवनात आरोग्याला महत्त्व आहे’ अशी प्रस्तावना आली की वाचक परत फिरतो. ‘घाण्यावर सुमारे सव्वादोन ते अडीच किलो, शेंगदाण्याची जात आणि त्यातला ओलावा यांप्रमाणे कमी-जास्त’ एवढे आधी सांगावे. मग उताऱ्याचा, म्हणजे किती शेंगदाण्यांतून किती तेल निघते याचा, हिशोब, पेंडेचे काय होते, किंमत रिफाइंडपेक्षा जास्त का, हे उपशीर्षकांखाली. लेखाचा कस इथेच लागतो. तेलाचे सर्वसाधारण फायदे शेकडो पानांवर आहेत. आपल्या घाण्यावरचा उतारा, गाळ बसायला लागणारा वेळ, गाळ बसण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या तेलाची छायाचित्रे हे दुसऱ्या कोणाकडे नसते. गुगलच्या गुणवत्ता-निकषांत डिसेंबर २०२२ मध्ये प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली, ती अशाच मजकुरासाठी. ‘कोलेस्टेरॉल बरे होते’ छापाचे दावे मात्र टाळावेत. आरोग्यविषयक मजकूर अधिक कठोरपणे तपासला जातो आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार दंडही आहे.

शब्दसंख्येचा कोणताही नियम नाही. प्रश्न चारशे शब्दांत संपत असेल तर तो दीड हजारांपर्यंत ताणू नये. शोधशब्द किती टक्के यावा, यालाही आधार नाही.

देवनागरीतील अडचणी : डीटीपीच्या (छपाईसाठीच्या संगणकीय अक्षरजुळणीच्या) जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान सांकेतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर ब्लॉगवर तसाच चिकटवला तर शोधयंत्राला रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, मग जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. पत्रकाचे चित्र करून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. चित्रातला मजकूर पानाचा मजकूर धरून चालता येत नाही.

पानाच्या वेबपत्त्यातही, म्हणजे त्यातल्या लेखाचे नाव सांगणाऱ्या शेवटच्या भागात (स्लगमध्ये), पेच आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्त धरून, पत्त्यात नऊ रोमन चिन्हांनी लिहिले जाते. ब्लॉग चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत स्लगची मर्यादा २०० चिन्हे आहे. ‘लाकडी-घाण्याचे-शेंगदाणा-तेल’ या स्लगमध्ये देवनागरीची २४ चिन्हे आहेत. त्यांची २१६ होतात आणि शेवटचा ‘तेल’ हा शब्दच गळतो. शिवाय असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ उमटते. तीन-चार शब्दांचा रोमन स्लग सोयीचा.

पानाचा वेग : मोबाइलवर पानातला सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. ब्लॉग बहुधा छायाचित्रांनी जड होतो. फोनवरचा चार-पाच एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा आणि वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रस्वरूपात केला की बहुतेक वेळा दीडशे केबीच्या आत बसतो. वेगाने निकृष्ट लेख वर येत नाही, हेही खरे.

लिंक : नव्या लेखातून उत्पादनाच्या पानाला आणि जुन्या संबंधित लेखांतून नव्या लेखाला लिंक द्यावी, ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘शेंगदाणा तेलाचे दर’ असे शब्द वापरावेत. ज्याला कुठूनही लिंक नाही असा लेख क्रॉलरला उशिरा सापडतो. पैसे देऊन घेतलेली लिंक तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी नोंदवली नाही तर तो नियमभंग ठरतो. क्रम वाढवण्यासाठी यंत्राने घाऊक लेख पाडणेही मार्च २०२४ पासून गुगलच्या स्पॅम-धोरणात स्पष्टपणे मोडते.

मोजमाप आणि दुरुस्ती : आपली पाने कोणत्या शोधांत दिसली आणि किती क्लिक मिळाले हे दाखवणारे गुगल सर्च कन्सोल हे साधन मोफत आहे आणि सोळा महिन्यांची माहिती ठेवते. लेख स्थिरावायला काही आठवडे ते काही महिने लागतात. आठवड्यात हताश होऊन शीर्षक बदलत राहू नये. सरासरी आठव्या ते विसाव्या क्रमांकावर असलेले शोधशब्द आधी हाती घ्यावेत, कारण तिथे लेखातली एखादी उणीव भरून काढली तरी फरक पडू शकतो. लेख दिसतो बराच, पण क्लिक थोडे, असे असेल तर आधी शीर्षक आणि वर्णन तपासावे. दर बदलले की लेखातला आकडा बदलावा. मजकूर तोच ठेवून फक्त तारीख पुढे ढकलू नये. एकाच प्रश्नावरचे दोन दुबळे लेख एकत्र करताना जो पत्ता बंद होईल त्यावरून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण) लावावा, नाहीतर त्याला मिळालेल्या लिंका वाया जातात.