लाँग-अ‍ॅक्टिंग फॅक्टर आलं कुठून?

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, त्यात रक्त गोठवणारं एखादं प्रथिन (फॅक्टर) कमी असतं, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं. हिमोफिलियावाल्यांच्या गप्पांत हल्ली 'लाँग-अ‍ॅक्टिंग' (शरीरात जास्त वेळ टिकणारं फॅक्टर) हा शब्द सारखा येतो, तर त्यामागची थोडी गोष्ट.

साठच्या दशकापर्यंत गुडघ्यात रक्त साचलं की अ‍ॅडमिट व्हायचं आणि प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) चढवत बसायचं, तरी फॅक्टर ८ पुरेसं मिळायचं नाही, कारण एवढा प्लाझ्मा शरीरात मावतच नाही. १९६४ मध्ये स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांनी दाखवलं की गोठलेला प्लाझ्मा थंडीतच हळूहळू वितळू दिला की तळाशी जो चिकट साका राहतो त्यात भरपूर फॅक्टर ८ असतं. तेच आपलं क्रायो (क्रायोप्रेसिपिटेट). मग फॅक्टरची पावडर आली, घरीच पाण्यात मिसळून शिरेत घ्यायची, मोठीच सोय झाली, पण हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून ती बनायची आणि त्यातूनच एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पेशंटच्या अंगात गेला.

अमेरिकेतले डॉ. ग्लेन पिअर्स त्याच पिढीतले. स्वतःला सिव्हियर हिमोफिलिया ए (म्हणजे फॅक्टर ८ ची कमतरता), फॅक्टरमधून हिपॅटायटिस सी झालेला, पुढे लिव्हर ट्रान्सप्लांट, आणि फॅक्टर ८ मुख्यतः लिव्हरमध्ये बनतं म्हणून हिमोफिलियाच गेला! तरी गडी थांबला नाही, बायोजेन या औषध कंपनीत जाऊन लाँग-अ‍ॅक्टिंग फॅक्टरच्या कामात पुढे राहिला (एकट्याचा शोध नाही हा, मोठी टीम होती).

आयडिया भारी होती. साधं फॅक्टर ८ साधारण १२ तासांत निम्मं होतं, म्हणून दिवसाआड सुई. अँटिबॉडी मात्र आठवडेच्या आठवडे टिकते, कारण पेशी तिला गिळून परत रक्तात सोडतात, मग तिचंच शेपूट फॅक्टरला जोडलं. २०१४ मध्ये अशा दोन्ही औषधांना, एक फॅक्टर ८ चं आणि एक फॅक्टर ९ चं (हिमोफिलिया बी मध्ये हे कमी असतं), अमेरिकेत मंजुरी मिळाली. फॅक्टर ९ थेट ८० तासांच्या आसपास गेलं, आठवड्याला एक सुई, पण फॅक्टर ८ जेमतेम १९ तासांवर अडकलं, कारण ते रक्तात व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि तो गेला की हेही जातं. ती अडचण सोडवणारं औषध यायला २०२३ उजाडलं.

आणि किंमत? आपल्याकडे खिशातून घ्यायचं म्हटलं तर विचारूच नका. बायोजेन आणि तिची भागीदार कंपनी सोबी यांनी वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलियाला पाच वर्षांत ५० कोटी युनिट फॅक्टर फुकट द्यायचं २०१४ मध्येच कबूल केलं होतं, आणि इथल्या बऱ्याच पेशंटनी ही व्हायल पहिल्यांदा हातात धरली ती त्या दानामुळेच.