सहजसाध्यता (प्रिंटर-पेटंटमधील)

पेटंटसाठी मांडलेली सुधारणा त्या विद्येतल्या जाणकाराला आपसूक सुचण्याजोगी होती का, हे ठरवण्याची कसोटी. भारतीय पेटंट कायदा, 1970 मधील ‘इन्व्हेंटिव्ह स्टेप’च्या (शोधातील कल्पक पावलाच्या) व्याख्येत तिचा समावेश आहे.

कसोटीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो व्हेनिसच्या 1474 च्या कायद्यापर्यंत मागे नेतात. त्यात नावीन्याबरोबर कल्पकतेचीही अट होती. पण कल्पकता कोणाच्या मापाने मोजायची, हे तिथे दिसत नाही. ते माप अमेरिकेतील दाराच्या मुठींच्या खटल्यात (हॉचकिस विरुद्ध ग्रीनवूड, 1851) स्पष्ट होते : साध्या कारागिराच्या हातोटीहून अधिक काही हवे. आधुनिक कसोटी तिथून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतात बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटला (1978) आधारभूत मानतात. वाद भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा होता. न्यायालयाच्या मते जाणकार म्हणजे नुसता कारागीर नव्हे, सक्षम अभियंता. आणि पेटंटमध्ये मांडलेला शोध त्याला ठाऊक नाही असे धरूनच त्याच्या जागी उभे राहायचे.

प्रिंटरच्या पेटंटमध्ये हे कठीण जाते, कारण सुटे भाग बहुधा जुने असतात, नवी असते ती जोडणी. लेबल छापणाऱ्या थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरचे हेड तापत गेले की बारकोडच्या रेघा फुगतात, मधली पांढरी फट बुजते आणि स्कॅनर कोड वाचत नाही. उपाय म्हणून हेडचे तापमान पाहून विजेचा स्पंद (क्षणिक प्रवाह) आखूड करतात. समजा, हाच उपाय कोणी इंकजेटसाठी (शाईचे थेंब फेकणाऱ्या प्रिंटरसाठी) मांडला. तिथे दोष वेगळ्या वाटेने येतो : तापलेली शाई पातळ होते, थेंब मोठा पडतो. लेबल-प्रिंटरचा दस्तऐवज इंकजेटच्या अभियंत्याने का उघडला असता, याचे उत्तर पेटंटला आक्षेप घेणाऱ्याने द्यायला हवे. दोन दस्तऐवजांतले तुकडे शेजारी ठेवून दाखवणे पुरेसे नाही. तसे केले तर उत्तर पाहून गणित सोडवल्यासारखे होते.

उष्णतेने बुडबुडा उठवून शाई फेकण्याची पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीस कॅनन आणि एचपी यांनी स्वतंत्रपणे शोधली. एकाच वेळी दोघांना सुचले म्हणून ते सहजसाध्य होते, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. गरज दोघांची सारखीच होती.

ठाणे, नवी मुंबईतील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. पेटंटच्या उल्लंघनाचा दावा याच कायद्याच्या कलम 104 नुसार ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. मात्र प्रतिवादीने सहजसाध्यतेच्या आधारे पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की प्रकरण उच्च न्यायालयाकडे वर्ग होते. त्यामुळे वागळे इस्टेट किंवा महापे येथील कारखानदाराच्या बाबतीतही हा प्रश्न अखेर मुंबईतच सुटतो.