जुन्या फिल्म कॅमेऱ्याची दुरुस्ती : दोन मिलिसेकंद, अर्धा दशांश मिलिमीटर आणि खाडीची हवा

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांतील जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की घरोघरचे माळे रिकामे होतात आणि त्या सामानातून चामड्याच्या कव्हरात बंद असलेला एखादा जपानी फिल्म कॅमेरा बाहेर येतो. भिंगावर धुरकट डाग असतात, मागचे झाकण उघडले की कडेच्या काळ्या स्पंजचा चिकट लगदा बोटाला लागतो, आणि बटण दाबल्यावर आत ‘टक्’ असा आवाज होऊनही शटर उघडत नाही. असा कॅमेरा बहुतेक वेळा निकामी ठरवला जातो. वस्तुतः घरगुती वापरात सणासमारंभापुरते रोल काढलेल्या या यंत्रांचे भाग क्वचितच झिजलेले असतात. त्यांचा घात केलेला असतो जुन्या वंगणाने आणि खाडीकाठच्या दमट हवेने. या दोहोंमागचे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र समजून घेतले, तर कोणती दुरुस्ती घरच्या टेबलावर करता येईल आणि कुठे हात आवरता घ्यावा, हे पुष्कळ अंशी ठरवता येते.

उदाहरणासाठी कॅननेट क्यूएल १७ जी-थ्री हा कॅमेरा घेऊ. १९७२ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचे भिंग ४० मिलिमीटर नाभीय अंतराचे आणि एफ/१.७ इतक्या मोठ्या छिद्राचे आहे. शटरचा वेग १/४ सेकंदापासून १/५०० सेकंदापर्यंत निवडता येतो आणि अंतर जुळवण्यासाठी रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर ठरवणारी दर्शिका, आहे. कॅमेरा म्हणजे शेवटी तीन राशी सांभाळणारे यंत्र असते : प्रकाश किती वेळ आत यावा, भिंग फिल्मपासून किती अंतरावर असावे आणि समोर प्रकाश किती आहे. खोललेले भाग परत बसले आणि एक स्क्रूही उरला नाही, एवढ्याने दुरुस्ती पूर्ण होत नाही. या तिन्ही राशी पुन्हा मोजून पाहाव्या लागतात, आणि माझ्या मते या कामातील खरे विज्ञान तिथेच आहे.

सुरुवात स्क्रूपासून होते आणि पुष्कळ कॅमेरे इथेच खराब होतात. जपानी कॅमेऱ्यांतील चौफुलीचे स्क्रू त्या देशाच्या स्वतःच्या मानकानुसार बनलेले असतात आणि त्यांची खाच नेहमीच्या फिलिप्स खाचेपेक्षा किंचित वेगळी असते. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर सरकतो आणि पितळी किंवा मऊ पोलादी डोके सोलून काढतो. म्हणून जपानी मानकाचे योग्य मापाचे स्क्रूड्रायव्हर आधी मिळवावेत. काही कॅमेऱ्यांत रोल पुढे सरकवण्याच्या खटक्यावरील झाकणाचे आटे उलटे असतात, तेव्हा एखादे झाकण सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा तपासावी. ज्या कॅमेऱ्यात अंगचाच फ्लॅश आहे, तो तर नवशिक्याने उघडूच नये, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार सेल काढल्यानंतरही बराच काळ टिकू शकतो.

आता मुख्य दुखण्याकडे, म्हणजे चिकटलेल्या शटरकडे वळू. कॅननेटचे शटर भिंगाच्या पोटात असते. एकमेकांवर सरकणारी पातळ पोलादी पाती मध्यापासून बाहेर उघडतात आणि ठरलेला वेळ संपताच परत मिटतात. ही पाती पूर्णपणे कोरडी असावीत अशीच त्यांची रचना आहे. परंतु त्यांच्या शेजारी, भिंग पुढे-मागे सरकवणाऱ्या आट्यांमध्ये, ग्रीस भरलेले असते. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात तापल्यावर तर अधिकच, हे तेल जाळीतून सुटते, केशाकर्षणाने धातूच्या पृष्ठभागावरून पसरत जाते आणि पात्यांमधील अरुंद फटींत शिरते. तिथे हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन ते हळूहळू घट्ट होते.

तेलाच्या इतक्या पातळ थराने पोलादी पाते कसे अडते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये द्रव असेल, तर एकाला दुसऱ्यावरून सरकवायला लागणारे बल द्रवाची श्यानता (म्हणजे त्याचा वाहण्याला होणारा विरोध), पृष्ठभागांचे क्षेत्रफळ आणि सरकण्याचा वेग यांच्या प्रमाणात वाढते आणि फट जितकी अरुंद तितके जास्त होते. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, पाच सहस्रांश मिलिमीटर फट, पाण्याच्या शंभरपट श्यानतेचे तेल आणि एका मिलिसेकंदात पाच मिलिमीटर सरकणारे पाते असे गृहीत धरले, तर विरोध सुमारे १० न्यूटन येतो. एक किलो वजन उचलून धरायला जेवढे बल लागते, तेवढे हे झाले. शटरच्या नाजूक स्प्रिंगला इतके बल देणे शक्य नसते. याच सूत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे : विरोध वेगावर अवलंबून असल्यामुळे तेच पाते काडीने हळूच ढकलले तर सहज हलते आणि आत काही बिघडलेले नाही असा समज होतो. शिवाय तापमान वाढले की तेलाची श्यानता घटते, त्यामुळे मे महिन्यात चालणारे शटर जानेवारीच्या सकाळी अडकल्याचे दिसू शकते.

पात्यांपर्यंत पुढच्या बाजूने पोहोचता येते. नाव कोरलेली पुढची कडी रबराच्या तुकड्याने दाबून फिरवली की सुटते, आणि मग भिंगाचा पुढचा गट दोन टोकांच्या पान्याने काढता येतो. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था काडीच्या टोकावर थोडेसे घेऊन पात्यांना लावावे, शटर अनेकदा चालवावे, वर आलेले तेल टिपून घ्यावे आणि हेच पुनःपुन्हा करावे. पाती वाळल्यावर त्यांच्यावर कडेचे वलय उमटत नाही, तोवर तेल शिल्लक आहे असे समजावे. नॅफ्था एकदम ओतण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ते आट्यांमधील ग्रीस विरघळवते आणि ती घाण शटरच्या आणखी आत नेऊन सोडते. अर्थात नॅफ्था ज्वालाग्राही आहे, तेव्हा खिडक्या उघड्या आणि देवघरातील समई दूर असावी. स्वच्छ झालेल्या पात्यांना पुन्हा तेल देऊ नये. तेल चालते ते फक्त मंद वेगांचे नियमन करणाऱ्या छोट्या दंतचक्रांच्या आसांना, आणि तेही सुईच्या टोकावर मावेल इतकेच.

शटर उघडू लागले, पण वेग बरोबर आहे का, हे कानाने सांगता येत नाही. १/५०० सेकंद म्हणजे दोन मिलिसेकंद, आणि १/२५० म्हणजे चार. एवढ्यात प्रकाश मात्र दुप्पट होतो. हे मोजण्याचा स्वस्त मार्ग असा, की मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा एक फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडला की वीज वाहू देणारा छोटा घटक, संगणकाच्या माइकच्या छिद्राला जोडावा, कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडून तो शटरच्या मागे धरावा, समोरून टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि ध्वनिमुद्रणाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘आवाज’ नोंदवावा. संगणक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो, म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे २३ मायक्रोसेकंदांचे अंतर पडते, आणि १/५०० सेकंदाच्या उघडझापीत ८८ नमुने मिळतात. आपल्याला हवी त्याहून ही अचूकता कितीतरी अधिक आहे. माइकचे परिपथ स्थिर व्होल्टता पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून मंद वेगांना पडद्यावर सलग पठार न दिसता उघडताना एक आणि मिटताना एक असे दोन सुळके दिसतात. वेळ मोजायची ती त्या दोन सुळक्यांमधली. ही मोजणी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा करून नोंदवून ठेवावी. वेग एक तृतीयांश स्टॉपपर्यंत (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप) चुकत असेल, तर निगेटिव्ह फिल्म तो फरक सहज सामावून घेते आणि तिथे अधिक छेडछाड करण्यात शहाणपण नाही.

दुसरी राशी अंतराची. भिंगाच्या सूत्रावरून असे निघते, की ४० मिलिमीटरच्या भिंगासाठी एक किलोमीटरवरील वस्तूची प्रतिमा अनंत अंतरावरील वस्तूच्या प्रतिमेपेक्षा केवळ ०.००१६ मिलिमीटर मागे पडते. तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसासाठी हाच फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक होतो. छिद्र पूर्ण उघडे असताना फिल्मच्या जागेत जेमतेम ०.०५ मिलिमीटरची चूक खपते. या तीन आकड्यांत पुढची सगळी शिस्त सामावलेली आहे. काढलेला पुढचा गट पूर्ण आवळून बसला नाही, त्याखालची पातळ चकती हरवली किंवा आट्यात कचरा अडकला, तर तेवढ्यानेही प्रत्येक छायाचित्र अस्पष्ट होऊ शकते. आणि एक किलोमीटरवरची वस्तू व्यवहारात अनंतावरच असल्यामुळे तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीतून दिसणारी येऊरच्या डोंगराची कड किंवा कळव्याच्या बाजूने दिसणारा पारसिकचा डोंगर पुरेसा आहे.

पद्धत अशी. फिल्म ज्या दोन रुळांवर टेकते त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवावा, शटर ‘बी’वर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे राहील अशा खुणेवर, ठेवून केबलने उघडे धरावे, छिद्र पूर्ण उघडावे आणि भिंग अनंताच्या खुणेवर नेऊन कागदावर उमटलेली डोंगराची उलटी प्रतिमा घड्याळजीच्या भिंगातून पाहावी. डोंगरकडेवरील झाडे किंवा विजेचे मनोरे धारदार दिसले की भिंग जागेवर आहे. त्यानंतरच रेंजफाइंडरमधील दोन प्रतिमा त्याच डोंगरावर एकमेकींशी जुळवाव्यात. क्रम उलटा केला, तर चुकीच्या भिंगाला चुकीचा रेंजफाइंडर जुळवून ठेवला जाईल. रेंजफाइंडरच्या आतील अर्धपारदर्शक आरशावर धूळ दिसली तरी तो पुसू नये, कारण त्यावरील धातूचा मुलामा इतका पातळ असतो की कापसाबरोबर निघून येतो. आणि भिंग पुढे-मागे नेणारे मुख्य आटे निकड नसेल तर उघडूच नयेत. ते एकेरी नसतात, त्यांना अनेक सुरुवाती असतात, आणि कोणत्या बिंदूवर ते सुटले याची खूण केलेली नसेल, तर परत जुळवताना अनंत सापडता सापडत नाही.

तिसरी राशी प्रकाशाची. कॅननेटमध्ये कॅडमियम सल्फाइडचा विद्युत घटक असून प्रकाश वाढला की त्याचा रोध कमी होतो, सुई अधिक हलते, आणि बटण दाबताना ती सुई यांत्रिक रीतीने पकडून कॅमेरा छिद्राचा आकार ठरवतो. हे सगळे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर आधारलेले होते. तो सेल वापरून संपेपर्यंत जवळजवळ तेवढीच व्होल्टता देत असे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे असे सेल बाजारातून गेले. जपानमधील मिनामाटा येथे पाऱ्यामुळे झालेली विषबाधा १९५६ मध्ये उघडकीस आली होती आणि त्याच गावाचे नाव धारण करणारा आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला. तो निर्णय योग्यच होता. मात्र त्या सेलच्या जागी १.५ व्होल्टचा साधा अल्कलाइन सेल बसवला, तर सुई गरजेपेक्षा जास्त हलते आणि छायाचित्रे काळवंडतात. श्रवणयंत्रांसाठी औषधांच्या दुकानांत मिळणारा ६७५ क्रमांकाचा जस्त-हवा सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि तो मूळ मूल्याच्या पुष्कळ जवळ आहे. तो आकाराने लहान असल्यामुळे भोवती कडी लागते. रबरी वॉशरने काम भागते. अधिक नेटके हवे असेल, तर वागळे इस्टेटमधील एखादा लेथवाला पितळी कडी करून देऊ शकतो. सेलची हवेची छिद्रे मात्र झाकली जाऊ नयेत, कारण ऑक्सिजन हाच त्याच्या रासायनिक क्रियेचा अर्धा भाग आहे.

भिंगावरील बुरशीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या भागातील कॅमेऱ्यांची ती सर्वांत मोठी हानी करते. पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता सलग कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला ७० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. अन्न म्हणून तिला भिंगावर बसलेली धूळ आणि ग्रीसमधून उडालेला अंश चालतो. वाढताना ती आम्ले सोडते. भिंगावरील प्रतिबिंब कमी करणारा मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर हिरव्या प्रकाशाच्या त्या थरातील तरंगलांबीच्या पावपट, म्हणजे साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. एवढ्या पातळ थराला आणि त्याखालच्या काचेला ही आम्ले खातात. बुरशी नवी असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भिंग पुसण्याचा कागद यांनी ती निघते. जुनी असेल, तर ती निघून गेल्यावरही काचेत तिच्या फांद्यांचे ठसे उरतात, आणि ते घासून घालवण्याचा प्रयत्न म्हणजे उरलासुरला थरही गमावणे होय. चिकटवलेल्या दोन भिंगांच्या मध्ये बुरशी दिसली, तर घरी थांबावे हेच उत्तम. चामड्याचे मूळ कव्हर कितीही देखणे असले तरी कॅमेरा त्यात ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक एवढ्या साहित्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखता येते.

मागच्या झाकणाच्या स्पंजचा लगदा होण्यामागेही ओलावाच आहे. पॉलियुरेथेनच्या साखळ्या पाण्याच्या रेणूंनी हळूहळू तुटतात. जुना लगदा लाकडी काडी आणि अल्कोहोलने खरवडून काढावा, खाचेत काळी लोकर आणि बिजागरीपाशी नव्या स्पंजची पट्टी बसवावी.

पहिला रोल कृष्णधवल असावा आणि प्रत्येक चित्राचा वेग, छिद्र व अंतर वहीत लिहून ठेवावे. धुतलेल्या निगेटिव्हवर चित्राच्या कडेला काळा पट्टा आला, तर कुठला तरी स्पंज नीट बसलेला नाही. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, परंतु झाकणाच्या फटीतून शिरलेला प्रकाश भिंगातून येत नसल्यामुळे उलटत नाही. म्हणून निगेटिव्हचा चकचकीत पाठीचा भाग आपल्याकडे करून ती कॅमेऱ्यात होती तशीच, म्हणजे चित्रातील आकाश खाली येईल अशी, उघड्या कॅमेऱ्याच्या पाठीशी धरावी. पट्टा ज्या बाजूला दिसतो, त्याच बाजूची पट्टी बदलावी लागते.