अमेरिकी लोकशाहीतील राजकीय पक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८५२ पासून निवडून आलेला प्रत्येक राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन या दोनपैकी एका पक्षाचा होता. तरीही त्या देशाच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख नाही. या पक्षांना सदस्यत्वाची वर्गणी नाही आणि आपल्या अर्थाने पक्षश्रेष्ठीही नाहीत. अनेक राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्षाचे नाव लिहिले की माणूस त्या पक्षाचा होतो, आणि काही राज्यांत तेवढेही लागत नाही. महाराष्ट्रात उमेदवाराच्या हाती एबी फॉर्म ठेवतो तो पक्ष. अमेरिकेत तो जणू मतदारच देतात. मात्र हे पहिल्यापासून असे नव्हते. उमेदवार ठरवण्याचा हक्क प्रथम खासदारांच्या बैठकीकडे होता, मग पक्षाच्या अधिवेशनाकडे गेला, आणि शेवटी सामान्य मतदाराकडे आला. अमेरिकी पक्षांचे बळ आणि दुबळेपण दोन्ही समजून घ्यायचे तर या हक्काचा प्रवासच पाहावा लागतो.

नको असलेली सुरुवात

१७८७ साली फिलाडेल्फियात घटना तयार करणाऱ्यांना पक्ष म्हणजे फुटीचे मूळ वाटत होते. जेम्स मॅडिसन यांनी त्याच वर्षी लिहिले की गटबाजीची बीजे माणसाच्या स्वभावातच असतात. ती उपटता येत नाहीत, फक्त तिचे दुष्परिणाम आवरता येतात. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय वृत्तीपासून सावध राहण्यास बजावले. पण तोवर त्यांच्याच मंत्रिमंडळात दोन तट पडले होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना राज्यांची कर्जे केंद्राने उचलावीत, राष्ट्रीय बँक असावी आणि ब्रिटनशी व्यापार वाढावा असे वाटत होते. परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन यांना यात शेतकऱ्यांचे आणि राज्यांचे मरण दिसत होते; त्यांचा ओढा क्रांतिकारक फ्रान्सकडे होता. हॅमिल्टन यांचे अनुयायी फेडरलिस्ट म्हणून, तर जेफरसन यांचे रिपब्लिकन म्हणून ओळखले जाऊ लागले. जेफरसन यांच्या गटाला इतिहासकार डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा संबंध नाही. गटबाजीवर लिहिणारे मॅडिसन स्वतःच या दुसऱ्या गटाचे प्रमुख संघटक बनले. यात ढोंग नव्हते. विखुरलेल्या नाराजीला निवडणुकीत वजन मिळवून द्यायचे तर संघटनेला पर्याय नाही, हे त्यांना राज्यकारभार चालवताना कळले.

१८०० च्या निवडणुकीने पक्षांचे अस्तित्व घटनेलाही मानायला लावले. तेव्हा प्रत्येक निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने ठरवलेला प्रतिनिधी, दोन मते देई. पहिला येईल तो राष्ट्राध्यक्ष आणि दुसरा येईल तो उपराष्ट्राध्यक्ष. जेफरसन यांच्या पक्षाचे निर्वाचक इतके शिस्तीत वागले की जेफरसन आणि त्यांचेच जोडीदार ॲरन बर या दोघांना प्रत्येकी ७३ मते पडली. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, गेला आणि तेथे ३६ व्या फेरीत जेफरसन निवडले गेले. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन पदांसाठी स्वतंत्र मतदान सुरू केले. पराभूत फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी गादी सोडली आणि सत्ता विरोधकांच्या हाती शांतपणे गेली, हे या निवडणुकीचे त्याहून मोठे देणे. विरोधी पक्ष म्हणजे देशद्रोह नव्हे, ही समजूत तिथून रुजली.

कॉकस ते अधिवेशन

पुढील दोन दशके राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे खासदार बंद दाराआड बसून ठरवत. या बैठकीला कॉकस म्हणत. फेडरलिस्ट पक्ष १८१२ च्या युद्धानंतर लयाला गेला आणि १८२० मध्ये जेम्स मन्रो जवळजवळ बिनविरोध निवडून आले. एकच पक्ष उरला की भांडणे पक्षाच्या आत होतात. १८२४ मध्ये तेच झाले. कॉकसने विल्यम क्रॉफर्ड यांना पुढे केले, पण त्या बैठकीकडे बहुतेक खासदारांनी पाठ फिरवली. निर्वाचक मतांत अँड्र्यू जॅक्सन यांना ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांना ८४, क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ मते मिळाली. कोणालाच बहुमत नसल्याने प्रतिनिधिगृहाने ॲडम्स यांना निवडले. त्यांना पाठिंबा देणारे क्ले परराष्ट्रमंत्री झाले, आणि ‘भ्रष्ट सौदा’ ही जॅक्सन समर्थकांची घोषणा चार वर्षे देशभर गाजत राहिली.

त्या संतापाला संघटनेचे रूप दिले न्यू यॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्यूरन यांनी. वृत्तपत्रे, स्थानिक समित्या, मिरवणुका आणि निष्ठावंतांना सरकारी नोकऱ्या यांच्या जोरावर त्यांनी आजचा डेमोक्रॅटिक पक्ष उभा केला. एव्हाना बहुतेक राज्यांनी गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट काढली होती. १८२४ मध्ये पात्र मतदारांपैकी सुमारे २७ टक्क्यांनी मतदान केले होते. १८२८ मध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के झाले आणि १८४० मध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पोचले. माणसांना मतदानकेंद्रापर्यंत आणण्याचे काम पक्षांनी केले, घटनेने नव्हे.

कॉकसची जागा राष्ट्रीय अधिवेशनाने घेतली. पहिले अधिवेशन १८३१ मध्ये बाल्टिमोर येथे भरवले ते अँटी-मेसॉनिक नावाच्या एका छोट्या पक्षाने. पुढच्याच वर्षी डेमोक्रॅटांनी तिथेच आपले अधिवेशन घेतले आणि उमेदवारीसाठी दोनतृतीयांश मतांचा नियम केला. हा नियम १९३६ पर्यंत टिकला. दक्षिणेला न रुचणारा उमेदवार अडवण्याचे हत्यार त्यामुळे जवळपास शंभर वर्षे दक्षिणेच्या हाती राहिले. याच नियमापायी १९२४ मध्ये न्यू यॉर्कच्या अधिवेशनात उमेदवार ठरायला १०३ फेऱ्या लागल्या.

गुलामगिरी आणि रिपब्लिकन पक्ष

१८३० च्या दशकात जॅक्सन यांच्या विरोधकांनी व्हिग पक्ष काढला. दोन्ही पक्षांना उत्तर आणि दक्षिण अशा दोन्हीकडची मते हवी होती, म्हणून दोघेही गुलामगिरीचा प्रश्न टाळत राहिले. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीची वाट मोकळी केली आणि हे मौन टिकणे अशक्य झाले. व्हिग पक्ष मोडला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधील सभांतून रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. अवघ्या सहा वर्षांत, सुमारे ४० टक्के मतांवर, अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्यांना एकही मत पडले नाही. मतपत्रिका तेव्हा पक्षच छापून वाटत, आणि तिथे लिंकन यांच्या नावाची मतपत्रिका वाटणारा कोणी नव्हता. पुढे यादवी युद्ध झाले, आणि १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली. या लढ्याचे मोल पुण्यात ओळखले गेले होते: जोतीराव फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला.

शहरांतील यंत्रणा आणि सुधारणांची लाट

यादवीनंतर मोठ्या शहरांत पक्ष म्हणजे ‘मशीन’ झाला. न्यू यॉर्कच्या टॅमनी हॉलचे कार्यकर्ते बोटीतून उतरलेल्या आयरिश स्थलांतरिताला नोकरी, हिवाळ्यात कोळसा आणि नागरिकत्वाची कागदपत्रे मिळवून देत आणि बदल्यात मत घेत. टॅमनीचा म्होरक्या विल्यम ट्वीड याने शहराच्या तिजोरीवर केलेली लूट प्रचंड होती आणि त्याचा शेवट तुरुंगात झाला. तरी ही गोष्ट केवळ भ्रष्टाचाराची म्हणून सांगणे अन्यायाचे आहे. गरिबाच्या दारात सरकार पोचत नव्हते त्या काळात पक्ष पोचत होता.

१८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर नोकरी न मिळालेल्या एका इच्छुकाने गोळ्या झाडल्या. १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने सरकारी नोकऱ्यांत परीक्षा आणि गुणवत्ता आणली. १८८८ पासून सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका राज्याराज्यांत पसरली. तिचा एक परिणाम कोणी फारसा कल्पिला नव्हता: मतपत्रिका सरकारची झाली की तिच्यावर कोणाचे नाव असावे हे कायदा ठरवणार, आणि कायदा करणारे विधिमंडळ दोन मोठ्या पक्षांचे. नव्या पक्षांना आजही राज्यागणिक सह्या गोळा कराव्या लागतात.

मग आली प्राथमिक निवडणूक, म्हणजे प्रायमरी. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी १९०० नंतरच्या दशकात ती राज्यभर लागू केली. पक्षाचा उमेदवार पुढाऱ्यांनी न ठरवता मतदारांनी ठरवावा, हा विचार उदात्त होता. दक्षिणेत त्याच सुधारणेचे विष झाले. तेथे डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकणारा निवडून येणारच, हे ठरलेले. आणि पक्ष ही खासगी संस्था आहे असे सांगून कृष्णवर्णीयांना प्रायमरीतून वगळले जाई. टेक्ससमधील या ‘गोऱ्यांच्या प्रायमरी’ला १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीच दिली. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या दाव्यात थरगूड मार्शल यांनी बाजू मांडली, तेव्हा कुठे १९४४ मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला. उमेदवार ठरवण्याच्या हक्काशिवाय मताचा हक्क पोकळ असतो, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात नाही.

पक्षांची अदलाबदल

महामंदीत १९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट निवडून आले आणि कामगार, स्थलांतरित, दक्षिणेतले गोरे व उत्तरेतले कृष्णवर्णीय एकाच डेमोक्रॅटिक आघाडीत आले. ही मोट फार काळ टिकणारी नव्हती. १९४८ मध्ये नागरी हक्कांच्या ठरावावरून दक्षिणेतील बंडखोरांनी स्ट्रॉम थर्मंड यांना उभे केले आणि ३९ निर्वाचक मते मिळवली. १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायदा केला. त्याला विरोध करणारे रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर देशभर हरले, पण आपल्या ॲरिझोनाबरोबर खोल दक्षिणेतील पाच राज्ये त्यांनी जिंकली. पुढील तीन दशकांत गोरा दक्षिण रिपब्लिकन झाला आणि लिंकनच्या पक्षाला मत देणारा कृष्णवर्णीय समाज जवळपास संपूर्णपणे डेमोक्रॅटांकडे गेला. पूर्वी दोन्ही पक्षांत उदारमतवादी आणि रूढिवादी असत. आता ते वेगळे झाले, आणि आजच्या टोकाच्या ध्रुवीकरणाचा पाया इथे आहे.

प्रायमरीचे राज्य

राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मात्र १९६८ पर्यंत अधिवेशनातील पुढाऱ्यांच्याच हातात होती. त्या वर्षी व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शकांवर शिकागोच्या रस्त्यांवर लाठ्या चालत असताना, एकही प्रायमरी न लढवलेले ह्यूबर्ट हम्फ्री आत उमेदवार ठरले. त्या लाजेतून नेमलेल्या मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोगाने नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीतील मतांनी अधिवेशनातले प्रतिनिधी ठरू लागले. रिपब्लिकनांनीही तीच वाट धरली. २०१६ मध्ये कधीही सरकारी पद न भूषवलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांनी पक्षातील बहुतेक ज्येष्ठांच्या विरोधाला न जुमानता उमेदवारी जिंकली, कारण त्यांना अडवण्याचा अधिकार कोणाकडेच उरला नव्हता. २०२४ मध्ये जो बायडन यांनी जुलैत माघार घेतल्यावर कमला हॅरिस यांची निवड अधिवेशनाच्या प्रतिनिधींनी केली, ती या नियमातला विरळा अपवाद.

संसदेत पक्ष सभापती, समित्या आणि कामकाजाची विषयपत्रिका ठरवतात. प्रतोद असतात, पण आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. २००१ मध्ये व्हर्माँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले आणि ५०-५० अशा सिनेटचा, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा, ताबा एका माणसाच्या निर्णयाने डेमोक्रॅटांकडे गेला. त्यांची जागा शाबूत राहिली. पक्षादेश नसला तरी धाक आहे, आणि तो प्रायमरीचा आहे. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलेल्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी २०२२ नंतर फक्त दोघे सभागृहात परतले. चौघे उभेच राहिले नाहीत आणि लिझ चेनी यांच्यासह चौघे प्रायमरीत हरले.

एकतर्फी मतदारसंघांत खरी लढत प्रायमरीतच होते. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरले होते. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरातील मतदारसंघात अनेक उमेदवारांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मतांवर त्यांनी प्रायमरी जिंकली. नोव्हेंबरची निवडणूक त्यानंतर सोपी होती.

तिसऱ्या पक्षांना एकसदस्यीय मतदारसंघांची रचना तग धरू देत नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते पडली, पण निर्वाचक मत एकही नाही. २००० मध्ये फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते मिळाली आणि जॉर्ज बुश तिथे ५३७ मतांनी जिंकले. मात्र छोट्या पक्षांच्या कल्पना उरतात. १८९२ मध्ये पॉप्युलिस्ट पक्षाने मागितलेला आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक, दोन्ही १९१३ मध्ये घटनेत आले.

अलीकडे राज्येच नवे प्रयोग करत आहेत. कॅलिफोर्नियात २०१२ पासून सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोघे पुढे जातात. मेनने २०१८ पासून पसंतीक्रमाचे मतदान वापरले. अलास्काने २०२२ मध्ये खुली प्रायमरी आणि पसंतीक्रम दोन्ही आणले. २०२४ मध्ये नेव्हाडा, कोलोरॅडो आणि आयडाहो येथील मतदारांनी अशाच सुधारणा फेटाळल्या, तर अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांच्या फरकाने पडला.