शिकारी मासा वेगळा, भांडखोर मासा वेगळा

"रेडटेल एकदम शांत आहे हो, कुणाच्या वाटेला जात नाही." दुकानदार हे सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. बोटभर रेडटेल कॅटफिश खरंच दिवसभर टाकीच्या तळाशी मिशा पसरून गप्प पडून असतो. रात्री दिवा बंद झाला की तोंड उघडतो, शेजारी झोपलेला गिळतो आणि पुन्हा तळाशी. सकाळी मालक मोजत बसतो: टिनफॉइल बार्ब सहा होते ना? चारच कसे? मग सगळीकडे बोंब, की मासा फार ॲग्रेसिव्ह निघाला. अहो, राग कुठे आला यात? त्याला भूक लागली होती.

भांडखोर माशाबद्दल फार लिहीत नाही. फ्लॉवरहॉर्न पाळलेल्या माणसाला तो कळलेला असतो. त्याला हद्द लागते. समोरचा लहान असो की मोठा, आत आला की धडक. आरशातल्या स्वतःवरही तो गाल फुगवून धावतो. पोटाचा इथे संबंधच नाही.

शिकाऱ्याचा सगळा हिशोब तोंडाच्या मापाचा असतो, आणि गाडी नेमकी इथेच अडते. लोक माशांची लांबी लावून बघतात: "माझा अरोवाना नऊ इंच, हा पाच इंच, चालेल." लांबीला काय चाटायचंय? पाच इंची सडपातळ मासा डोक्याकडून सरळ आत जातो. चारच इंची सिल्व्हर डॉलर मात्र ताटलीसारखा उभा, तो त्या अरोवानाच्या तोंडात मावत नाही. म्हणून पाठीपासून पोटापर्यंतची उंची बघा आणि ती शिकाऱ्याच्या उघड्या जबड्याशी ताडा. रेडटेलचं तोंड डोक्याइतकंच रुंद असतं. अरोवानाला लावलेला हिशोब त्याला लावलात तर डॉलरही गेला.

बरं, हे माप आजचं. रेडटेल पहिल्याच वर्षात फूटभर होतो आणि पुढे मीटरच्या वर जातो. एकाच दिवशी एकाच मापाचे आणलेले दोन मासे सहा महिन्यांनी जेवण आणि जेवणारा झालेले असतात. "मासा टाकीच्या मापाने वाढतो" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. छोट्या टाकीत तो खुंटतो, आजारी पडतो. त्याला वाढणं म्हणत नाहीत.

दोघांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत. भांडखोर मासा असेल तर दगड-लाकडं हलवून हद्दी मोडा, मध्ये जाळी घाला, नाहीतर त्याला एकटा ठेवा. शिकाऱ्यापुढे दगड कितीही हलवा, त्याला फरक पडत नाही. पोट भरलेलं असलं की तो कुणाला हात लावणार नाही, यावरही विसंबू नका. तोंडात मावणारं समोर आलं तर तो घेतो. सकर मासा टाकीत 'साफसफाईला' टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्याचे काटे घशात अडकले तर दोघेही जातात.

दातांवरूनही ठरवू नका. ॲलिगेटर गार या अमेरिकन माशाचा मगरीसारखा जबडा बघून लोक घाबरतात, पण न मावणाऱ्या शेजाऱ्याशी तो सहसा भांडत नाही. त्याचा प्रश्न आकाराचा आहे. 2023 मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात गार सापडले, ते काही अमेरिकेतून पोहत आले नव्हते; कुणाच्या तरी टाकीत मावेनासे झाले असणार.

आपल्याकडच्या मरळीत दोन्ही रूपं दिसतात. एरवी ती दबा धरून बसलेली शिकारी. पिल्लांचा घोळका सांभाळत असली की जवळ येणाऱ्या कुणावरही धावते, तेव्हा तिला खायचं नसतं. ऑस्करही तसाच: गप्पी गिळतो तो शिकारी म्हणून, जोडी जमल्यावर शेजाऱ्याचे पंख फाडतो तो भांडखोर म्हणून.

आणि कृपा करून जिवंत गोल्डफिश सोडून व्हिडिओ काढू नका. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, म्हणजे बी-1 मोडून टाकणारं एंझाइम. रोज तेच खाणाऱ्या माशाला बी-1 जीवनसत्त्व कमी पडतं, शिवाय दुकानातले रोग फुकट घरी येतात. चांगल्या पेलेटवर, म्हणजे गोळी खाद्यावर, ऑस्कर मजेत राहतो. माझ्या चार फुटी टाकीत तो एकटाच आहे, आणि मी खोलीत शिरलो की काचेला तोंड लावून उभा राहतो.